‘कोन्ते वानखडे?’ : आडनाव, डीएनए आणि आपली वंशावळ

वऱ्हाडात नुसते आडनाव सांगून भागत नाही. अमरावतीत भाड्याची खोली पाहायला जा, अकोल्यात नव्या नोकरीवर रुजू व्हा, ‘वानखडे’ म्हटले की समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, “कोन्ते वानखडे?” कारण वानखडे कुणब्यांत आहेत, बौद्धांत आहेत, आणखी इतर जातींतही आहेत. इंगळे आणि तायडे यांचेही तसेच. आडनावाने जात कळत नाही, मग गाव विचारले जाते. गाव सांगितले की पुरा विचारला जातो, मामाचे आडनाव विचारले जाते. एवढे करूनही पत्ता लागला नाही तर घरी आल्यावर भिंतीवर कोणाचा फोटो आहे ते पाहिले जाते.

माझे माहेर अकोला जिल्ह्यातले आणि माहेरचे आडनाव वानखडे. लग्नानंतर अमरावतीला आले, आडनाव बदलले, तो प्रश्न मात्र बदलला नाही. म्हणून काही महिन्यांपूर्वी पुण्यात आयटीत असलेल्या माझ्या चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी कान देऊन ऐकले. तो म्हणाला, “ताई, आपण वानखड्यांचा डीएनए प्रकल्प सुरू करू. परदेशात लोक स्वयंसेवक म्हणून असे प्रकल्प चालवतात. किट मागवायचे, वेबसाइटचे मी बघतो. तू अमरावती-अकोल्याची समन्वयक हो. गावोगावी तुला लोक ओळखतात. त्यांचे वानखडे आणि आपले वानखडे एकाच रक्ताचे निघाले, की ‘कोन्ते वानखडे’ विचारणाऱ्यांचे तोंड कायमचे बंद.”

मी लगेच हो म्हटले. मग वाचायला बसले, आणि दोन महिन्यांनी त्याला नाही कळवले. तो नाराज झाला. त्याचा हेतू वाईट नव्हता, आणि डीएनए किटच्या जाहिराती आता आपल्या प्रत्येक तरुणाच्या मोबाइलवर येत आहेत. उद्या दुसऱ्या कोणाला हीच कल्पना सुचेल. म्हणून माझी कारणे सविस्तर मांडते.

प्रकल्प चालतो कसा?

पुरुषाच्या शरीरात वाय गुणसूत्र असते. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, पिढ्यांमागून पिढ्या, मधूनमधून एखादा बारीक बदल होत. ज्या समाजात आडनावही बापाकडून मुलाकडे जाते तिथे आडनाव आणि वाय गुणसूत्र हे दोन्ही एकाच वाटेने चालतात. यावरूनच ही कल्पना निघाली. ब्रिटनमधील शास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच ‘साइक्स’ या आडनावाच्या पुरुषांचे नमुने तपासले आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळपास निम्म्या पुरुषांचे वाय गुणसूत्र एकाच नमुन्याचे निघाले. त्याच वर्षी अमेरिकेत ह्यूस्टनला ‘फॅमिली ट्री डीएनए’ ही कंपनी सुरू झाली. तिच्याकडे आडनावांचे हजारो प्रकल्प आहेत आणि ते त्या त्या आडनावाचे हौशी स्वयंसेवक चालवतात. लोकांना पटवणे, गालाच्या आतून घेतलेला नमुना पाठवायला सांगणे, निकालांचे गट पाडणे, कोणाचा पूर्वज कोणाशी जुळतो ते कळवणे ही त्यांची कामे.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, बाईच्या शरीरात वाय गुणसूत्र नसते. म्हणजे ज्या प्रकल्पाची मी समन्वयक होणार होते त्यात माझा स्वतःचा नमुना चालणारच नव्हता. माझ्या आईचा नाही, आजीचा नाही, मुलीचा नाही. दुसरी, ही पद्धत दुर्मीळ आडनावांना लागू पडते. टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग या संशोधकांनी २००९ साली ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आडनाव जितके दुर्मीळ तितके ते धारण करणारे पुरुष एका पूर्वजाचे निघण्याची शक्यता जास्त. ‘स्मिथ’सारख्या सर्वत्र पसरलेल्या आडनावात मात्र दोन स्मिथ एकमेकांशी जुळण्याची शक्यता रस्त्यावरच्या कोणत्याही दोन माणसांइतकीच. स्मिथ म्हणजे लोहार. प्रत्येक गावात लोहार होता, म्हणून प्रत्येक गावात स्मिथ झाला. वऱ्हाडातले वानखडे, इंगळे, तायडे हे आपले स्मिथ आहेत. त्यांचा प्रकल्प काढला तर निकाल विखुरलेलाच येणार, हे नमुना न घेताही सांगता येते.

आपली आडनावे किती जुनी?

इंग्लंडमध्ये आडनावे मध्ययुगातच वंशपरंपरागत झाली, म्हणून तिथे सहा-सातशे वर्षे मागे जाता येते. आपले काय?

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात महारांच्या नावापुढे ‘नाक’ लागत असे. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावरची आपल्या शूरांची नावे वाचा, ती ‘नाक’ने संपतात. बाबासाहेबांच्या आधी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलणारे गोपाळबाबा वलंगकर हेही गोपाळनाकच. ‘नाक’ हे आडनाव नव्हे. ते नावाला जोडून येणारे जातीचे चिन्ह होते. वऱ्हाडाची तऱ्हा थोडी वेगळी. हा मुलूख निजामाचा. १८५३ साली तो कंपनीच्या ताब्यात आला, १९०२ साली कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला आणि १९०३ साली मध्य प्रांताला जोडला गेला. निजामी कागदाची सवय इंग्रजी अमलातही टिकली. आपल्या आजोबा-पणजोबांची नोंद सापडली तर ती अशी असते : अमुक वल्द तमुक, जात महार, मौजे अमुक. माणसाचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव. आडनावाची जागा जातीने घेतलेली असते.

मग आडनाव आले कधी? बऱ्याच घरांत ते शाळेत आले. मास्तरने नाव घालताना विचारले, कोणी कुळाचे नाव सांगितले, कोणी गावाचे, कोणी काहीच सांगितले नाही तेव्हा मास्तरनेच काहीतरी लिहिले. खुद्द बाबासाहेबांच्या घराण्याचे कुळाचे आडनाव सकपाळ. आंबडवे या गावावरून आंबडवेकर झाले आणि शाळेच्या पटावर आंबेडकर. आज जगभर ज्या आडनावाने आपण ओळखले जातो ते आडनाव एकाच पिढीत घडले. त्याचा वाय गुणसूत्राशी काडीचा संबंध नाही, आणि त्यामुळे त्याचे मोल तसूभरही कमी होत नाही.

अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा अनुभव आपल्याला जवळचा वाटेल. त्यांच्यापैकी कित्येकांची आडनावे गुलामांच्या मालकांची. माल्कम लिटल यांनी म्हणूनच आपले आडनाव टाकून तिथे ‘एक्स’ लावले. हरवलेल्या नावाची ती खूण होती.

नाकाच्या मापापासून डीएनएपर्यंत

आपल्या शरीरावरून आपली पायरी ठरवण्याचा उद्योग नवा नाही. इंग्रज अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी माणसांच्या नाकाची रुंदी आणि उंची मोजून गुणोत्तर काढले. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा दावा होता. हेच रिस्ले १९०१च्या जनगणनेचे आयुक्त होते, आणि जातींची प्रतिष्ठेनुसार उतरंड लावण्याचा प्रयत्न त्या जनगणनेत झाला. त्यातून आर्य-अनार्य वंशाचा सिद्धांत घरोघरी पोहोचला. ब्राह्मण आर्य, अस्पृश्य कोणत्या तरी जिंकलेल्या वंशाचे, हे ‘विज्ञान’ म्हणून सांगितले जाऊ लागले.

बाबासाहेबांनी त्याला १९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये उत्तर दिले. ते उत्तर आपल्या तरुणांनी मुळातून वाचले पाहिजे, कारण माझ्या भावाची कल्पना त्याच्याच जवळची आहे. बाबासाहेबांनी डॉ. गो. स. घुर्ये यांनी दिलेली नासिका-मापनाची कोष्टके घेतली आणि त्याच आकड्यांवरून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांच्या मापांवरून दोन वेगळे वंश सिद्ध होत नाहीत. मग त्यांनी कुळांचा पुरावा दिला. मराठ्यांत जी कुळे आहेत तीच महारांत आहेत, आणि पंजाबात जाटांत जी गोत्रे आहेत ती तिथल्या अस्पृश्यांतही आहेत, हे त्यांनी मांडले. म्हणजे ‘कोन्ते वानखडे’ या प्रश्नातली गोम बाबासाहेबांनी तेव्हाच पकडली होती.

पण या पुराव्याचा उपयोग त्यांनी कशासाठी केला? ‘आम्हीही मूळचे क्षत्रिय, आम्हाला वर घ्या’ असे म्हणण्यासाठी केला नाही. वलंगकरांच्या पिढीने तसा दावा केला होता. महार हे पूर्वीचे क्षत्रिय, दुष्काळात नको ते खावे लागले म्हणून खाली ढकलले गेले, अशी ती मांडणी होती. त्या काळात लष्कराची दारे बंद होत असताना तो दावा समजण्यासारखा होता. बाबासाहेब त्या वाटेने गेले नाहीत. वंशाचे कारण खोडून काढून त्यांनी अस्पृश्यतेचे कारण इतिहासात शोधले : उद्ध्वस्त टोळ्यांचे विखुरलेले लोक, बौद्ध धम्माला चिकटून राहिल्याबद्दल ब्राह्मणांनी केलेला तिरस्कार, गोमांसाचा प्रश्न. हा सिद्धांत कोणाला पटो वा न पटो, त्याची दिशा पाहा. अस्पृश्यता माणसांनी केली, म्हणून माणसांना ती मोडता येते.

आता भावाच्या प्रकल्पाला हाच निकष लावा. समजा, त्यांचे दहा वानखडे आणि आपले दहा वानखडे यांचे गुणसूत्र जुळले. मग? आपण कुणब्यांच्या रक्ताचे म्हणून आपल्याला खोली भाड्याने मिळणार आहे का? आणि समजा, जुळले नाही. मग ‘कोन्ते वानखडे’ विचारणारा बरोबर ठरला का? आपली समानता एखाद्या प्रयोगशाळेच्या निकालावर टांगली, की निकाल उलटा लागल्यावर ती गमावण्याची तयारीही ठेवावी लागते. संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली तेव्हा कोणाचे रक्त तपासले नव्हते.

डीएनएने जे खरेच सांगितले

मी विज्ञानाच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. भारतातल्या जनुकीय अभ्यासांनी आपल्या कामाची एक मोठी गोष्ट सांगितली आहे, फक्त ती आडनावांबद्दल नाही.

२०१३ साली प्रिया मूरजानी आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा : आजपासून साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात या उपखंडात वेगवेगळ्या लोकसमूहांचे मोठ्या प्रमाणावर मिश्रण झाले. जवळपास सगळ्याच समूहांत ते उतरले, वरच्या म्हणवणाऱ्यांत आणि खालच्या ठरवलेल्यांतही. नंतर ते थांबत गेले. २०१६ साली कोलकात्याजवळच्या कल्याणी येथील पार्थ मजुमदार आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वरच्या जातींत हे थांबणे सुमारे ७० पिढ्यांपूर्वीचे आहे. म्हणजे गुप्त काळाच्या आसपासचे. त्याआधी लोक एकमेकांत लग्ने करत होते, नंतर दारे लावली गेली.

आता १९१६ साल आठवा. ९ मे रोजी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात, पंचवीस वर्षांचे भीमराव एक निबंध वाचतात : ‘कास्ट्स इन इंडिया’. त्यांचे म्हणणे, भारतातले लोक आधीच एकमेकांत मिसळलेले आहेत; जातीचे सार आंतर्विवाहबंदीत, म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न करण्यात आहे. डीएनए हा शब्दही ज्या काळात माहीत नव्हता त्या काळात त्यांनी जे सांगितले त्याच्याच जवळ शंभर वर्षांनी प्रयोगशाळा पोहोचली.

आणि वाय गुणसूत्राचे काय? भारतात त्याचे जे मोठे गट आढळतात ते ब्राह्मणांतही आढळतात, दलितांतही आणि आदिवासींतही. प्रमाण कमीजास्त, इतकेच. जात ओळखण्याचे गुणसूत्र नाही. कोणी तसे विकत असेल तर तो नाकाची पट्टीच नव्या डब्यात विकतो आहे.

साखळी ‘तुटते’ तेव्हा

समन्वयकाच्या कामातला सर्वांत अवघड भाग कोणी सांगत नाही. प्रत्येक आडनाव प्रकल्पात काही निकाल असे येतात की दोन सख्ख्या चुलत्यांच्या मुलांचे वाय गुणसूत्र जुळत नाही. म्हणजे मागे कुठेतरी कागदावरचा बाप आणि जन्मदाता वेगळा. कारणे अनेक असू शकतात : दत्तक, पुनर्विवाह, आधीच्या घरचे मूल. किंवा बळजबरी.

आपल्या गावांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. वाड्यावर राबायला जाणाऱ्या बायांचे काय होत असे, हे आपल्या आज्या बोलत नसत, पण त्यांचे गप्प होणे आपण पाहिले आहे. उद्या एखाद्या बौद्ध मुलाचा नमुना गावच्या मालदार घराशी जुळला, तर मी त्याला फोन करून काय सांगू? ‘अभिनंदन, त्यांचे आणि आपले रक्त एक’? त्या जुळण्याची किंमत मोजलेली बाई त्या तक्त्यात कुठेच नसेल, कारण तो तक्ता फक्त बापांचा आहे. उलट घरात बोट तिच्याकडेच दाखवले जाईल.

सत्य बाहेर येऊच नये असे माझे म्हणणे नाही. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्यापासून त्यांच्याच गुलाम स्त्रीला, सॅली हेमिंग्जला मुले झाली, हे तिचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या सांगत होते. इतिहासकार ते उडवून लावत. १९९८ साली तिच्या एका मुलाच्या वंशजाचे वाय गुणसूत्र जेफरसन घराण्याच्या पुरुष शाखेशी जुळले, आणि मालकाच्या बाजूने लिहिणाऱ्यांना आपले लिखाण बदलावे लागले. पण तिथे प्रश्न वंशजांचा होता, आठवण त्यांनी जपलेली होती, आणि उत्तर ऐकायची तयारीही त्यांचीच होती. डीएनए त्या आठवणीच्या मदतीला आला. आपल्याकडे आठवण न विचारताच थुंकी गोळा करायची, हे मला मान्य नाही.

बाबासाहेबांनी १९१६च्याच निबंधात सांगितले होते की आंतर्विवाहबंदी टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही हत्यारे वापरली गेली. जात बाईच्या देहावर पहारा ठेवून टिकते. ज्या वंशावळीत बाईच नाही ती जातीचा इतिहास सांगू शकत नाही.

नमुना कोणाच्या हातात?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात हवासुपाई ही छोटी आदिवासी जमात आहे. मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून १९९०च्या सुमारास त्यांचे रक्त घेतले गेले. पुढे तेच रक्त त्यांना न विचारता मानसिक आजार, जवळच्या नात्यातली लग्ने आणि स्थलांतर यांच्या अभ्यासासाठी वापरले गेले. आपण याच दरीतले, ही त्यांची श्रद्धा. त्यांच्याच रक्तावरून तिच्याविरुद्ध निष्कर्ष लिहिले गेले. जमात कोर्टात गेली. २०१० साली विद्यापीठाने तडजोड केली, सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

खासगी कंपन्यांचेही तेच. २०२३ साली ‘ट्वेंटीथ्री अँड मी’ कंपनीकडून सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. लोकांच्या वंशाची माहिती ही विक्रीला काढलेली मालमत्ता झाली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, डीएनए बदलता येत नाही. शिवाय एकाने दिलेला नमुना त्याच्या भावाचा, काकाचा, न जन्मलेल्या नातवाचाही असतो.

आपल्याकडे डीएनए तंत्रज्ञानाच्या नियमनाचे विधेयक २०१९ साली लोकसभेत मांडले गेले आणि २०२३ साली मागे घेतले गेले. अमरावती-अकोल्यातल्या फासेपारधी बांधवांना विचारा, सरकारी यादीत रक्ताने जाणे म्हणजे काय. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले होते. तो कायदा १९५२ साली गेला, पण चोरी झाली की पोलीस आजही आधी पारधी बेड्यावर जातात. वंशाची नोंदवही कोणाविरुद्ध उघडली जाते, याचा अनुभव या मातीत आहे.

मग आपण काय करायचे?

भावाला नाही म्हणताना मी त्याला तीन कामे सुचवली. तीच तुम्हालाही सुचवते.

पहिले काम कागदाचे. आपल्या प्रत्येक घरात वंशावळ आधीच आहे, ती प्रतिज्ञापत्राच्या कागदावर आहे. जात वैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातीच्या माणसाला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून वडील, आजोबा, पणजोबा, चुलते असे झाड काढून प्रतिज्ञापत्र करावे लागते. माझ्या पुतणीच्या वेळी एका कार्यालयाने फाइल परत केली, कारण पणजोबांच्या नोंदीत आडनाव नव्हते, नुसते ‘वल्द’ आणि ‘महार’ होते. तीन महिने हेलपाटे घातल्यावर कोतवाल बुकाची नक्कल मिळाली तेव्हा काम झाले. कोतवाल गावातल्या जन्ममृत्यूची खबर द्यायचा, त्या नोंदींचे हे पुस्तक. कित्येक गावांत तो कोतवाल आपलाच माणूस होता. गावाने ज्याला दाराबाहेर उभे केले त्याच्याच खबरीवर गावाच्या जन्मतारखा टिकल्या आहेत.

ही बुके, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरे, जुनी मोडी कागदपत्रे तहसिलीच्या रेकॉर्डरूममध्ये वाळवी खात आहेत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली सरकारने समिती नेमून यंत्रणा कामाला लावली. आपल्या नोंदी आपल्यालाच शोधाव्या लागतील. चार मुले मोडी शिकली, एका तालुक्याच्या गावांची यादी केली, रीतसर अर्ज करून नकला काढल्या, तर शेकडो विद्यार्थ्यांचे प्रवेश वाचतील. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या वंशावळींच्या वह्या आहेत. ज्या नाशकात १९३० साली काळारामाच्या दारासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथल्या वहीत माझ्या पणजोबाचे नाव शोधायला मी जाणार नाही. मी रेकॉर्डरूममध्ये जाईन.

दुसरे काम आठवणींचे. माझी आजी पुरुषांच्या चार पिढ्या सांगताना अडखळायची, पण कोणती सून कोणत्या गावची, कोणाची मावशी कोणत्या जिनात सरकी वेचायला जायची, हे धडाधड सांगायची. वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास तिच्या तोंडात होता. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’साठी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून त्यांच्या आठवणी नोंदवल्या, ते १९८९ साली पुस्तक झाले. १९४२ साली नागपूरला दलित महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. नोव्हेंबर १९२७ मध्ये अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. ऑक्टोबर १९५६ मध्ये वऱ्हाडातून माणसे मिळेल त्या वाहनाने आणि पायी नागपूरला गेली. तुमच्या घरातले कोण गेले होते? काय खाल्ले, कुठे झोपले, परत आल्यावर घरातले देव कोणत्या विहिरीत टाकले? हे सांगणारी शेवटची माणसे आता नव्वदीला टेकली आहेत. त्यांची वंशावळ लिहा आणि आईचे नाव आधी लिहा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव घालणे राज्य सरकारने सक्तीचे केले आहे; आधीच्या पिढ्यांसाठी ते आपण करू.

तिसरे काम रक्ताचे. रक्त तपासायचेच असेल तर सिकलसेलसाठी तपासा. विदर्भात हा आजार आदिवासींत आहे, बौद्धांत आहे, इतर बहुजन जातींतही आहे. त्याचा दोष कोणत्या जातीला नाही. मलेरियाच्या मुलखात हा एक जनुक अंगात असलेला माणूस मलेरियापासून काहीसा वाचतो, म्हणून तो टिकला. एक जनुक असलेला वाहक सहसा धडधाकट असतो. पण नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता अशी की बाळ आजारी जन्मेल. हा जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे, तो आईकडून येतो तसाच बापाकडूनही. आडनाव प्रकल्पाला तो कधी दिसणार नाही. सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. आणि आपल्या वधू-वर मेळाव्यांत आजही कोपऱ्यात जाऊन ‘लाडवण की बावणे?’ विचारले जाते. त्याऐवजी सिकलसेलचा रिपोर्ट विचारला तर एखादे लेकरू रात्रभर हाडे दुखतात म्हणून रडणार नाही. पोटजातीत लग्न लावण्याचा आग्रह धरून आपणही सत्तर पिढ्यांपूर्वी लावलेले तेच दार आतून धरून बसलो आहोत, हे कार्यकर्त्यांनी आधी आपल्या घरात बोलावे.

माझा भाऊ गेल्या महिन्यात गावी आला होता. आम्ही दोघे तहसिलीत गेलो, अर्ज दिला. बाबूने आडनाव वाचून मान वर केली आणि विचारले, “कोन्ते वानखडे?” भाऊ म्हणाला, “तेच शोधाले आलो, साहेब. तुमी कोतवाल बुक काढा.”

बुक अजून मिळालेले नाही. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत. अमरावती-अकोल्यातल्या ज्यांना मोडी वाचता येते, किंवा शिकायची आहे, त्यांनी सोबत यावे.

जयभीम!